सतरा जानेवारी

संक्रांतीला मैदान आखायचं,
सतराला आपला सामना, यजमान म्हणून ठरलेला.
हे कुणी ठरवलं ते वहीत नाही.
वही सुरू होते तीच चौसष्ट सालच्या सतरा तारखेला, मधूनच,
जणू आधीचं सगळ्यांना ठाऊक आहे:
‘उगवती क्रीडा मंडळ, शिवडी. २३–१९. जिंकलो.
गुणलेखक तुकाराम घाडी.’

घाडीमास्तरांचा नऊ एकासारखा दिसे,
त्यामुळे सत्तर साली आपण एकोणीसने हरलो की अकराने
यावर गाडीअड्ड्याच्या हॉटेलात
अजून चहा संपतो.

एकाहत्तर, जिंकलो. बाहत्तर, हरलो.
त्र्याहत्तरला निकालाच्या जागी एकच शब्द: ‘पंच!’

शहात्तर: बाबल्या तोडणकर गोदीतली रात्रपाळी करून आला
आणि पहिल्या चढाईत मध्यरेषेवरच झोपला म्हणतात.
वहीत ‘बाद’ एवढंच आहे.
झोपेला रकाना नसतो.

ऐंशीपासून अक्षर माझं.

सत्त्याऐंशीला नंदू केणीचा खांदा निखळला.
डाव्या हातानं पाणी प्याला, आत आला,
एक पकड केली, मग रडला.
मी पकड लिहिली.

एकोणनव्वदला यासीन मुकादम, डावा कोपरा, वय एकोणीस.
चढाईवाल्याची टाच त्याला दिसायची नाही,
ऐकू यायची.
त्या दिवशी सहा पकडी. पुढच्या साली सात.
ब्याण्णवला आठ, आणि दोन लोण आपण दिले,
पेन्सिलीचं टोक मोडलं तेव्हा.

त्र्याण्णव.
पान आहे. तारीख आहे. रकाने पट्टीनं आखलेले.
प्रतिस्पर्धी: रेघ. नाणेफेक: रेघ.
रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं,
संचारबंदी हा शब्द मी तरीही लिहिला नाही.
समासात बारीक: ‘यासीनची नी-कॅप माझ्याकडे.’

चौऱ्याण्णव, पंचाण्णव. डावा कोपरा रिकामा नव्हता,
पोरगा चांगला होता.
त्याचं नाव लिहिताना पेन आधी ‘य’ काढायचं,
मग गिरवून गिरवून त्याचा पुंडलिक व्हायचा.

शहाण्णवला मुंब्र्याहून कुठलासा नवा संघ आला.
त्यांच्या यादीतलं सातवं नाव वाचून
यादी मी परत मागितली.
शेवटची चढाई आपली, एका गुणानं मागे.
नंदूच्या भावानं निदानरेषा ओलांडली,
बोनसकडे पाय टाकला,
सगळी शिवडी ओरडत होती
आणि मला कळलं की तो ऐकतोय.
२६–२७. हरलो.
इतक्या वळणदार अक्षरात
मी पराभव पुन्हा कधी लिहिला नाही.

नंतर तो टेबलापाशी येऊन उभा राहिला.
मी वह्यांच्या खोक्यातून नी-कॅप काढली. इलास्टिक गेलेलं.
‘धुतलीस होय रे?’
‘हो. दर संक्रांतीला.’
बशीत तिळगुळाचा चुरा तेवढा उरला होता.
त्यानं तो बोटानं टिपला.

नऊ साली मैदानात गाड्या लागलेल्या,
सामना पालिकेच्या शाळेच्या पटांगणात.
चौदाला मॅट आली.
तेव्हापासून वहीवर मातीचे अंगठे नाहीत.
एकवीसचं पान कोरं, पण ते सगळ्या जगाचंच.

आता सतराला आपल्या मुली खेळतात.
गुण टॅबवर, मी सवयीनं वही घेऊन.
काल स्वरांगी म्हणाली, काका, बेरीज करा ना,
बोर्डावर लावू.
केली. चौतीस जिंकलो, पंचवीस हरलो,
दोन कोरे, एक ‘पंच!’

पुन्हा केली. तेच.
तिसऱ्यांदा एकेका पानावर बोट ठेवून मोजलं
तेव्हा सापडलं:
शहाण्णव मी दोन्ही वेळा
जिंकलेल्यांत धरत होतो.

बोर्डावर चौतीसच लागलंय.
खडू स्वरांगीच्या हातात होता
आणि मला शिंक आली.